तारीख पत्त्यात असते: विसरल्या गेलेल्या भक्तिगीत-लोकगीत कंपनीचा माग कसा काढावा

जोतिबाची गाणी, अंबाबाईच्या आरत्या, धनगरी ओव्या, पोवाडे, लावण्या, वगातली बतावणी हा सगळा माल आधी रेकॉर्डवर आणि पुढे कॅसेटवर काढणाऱ्या लहान कंपन्या कोल्हापूरकडे होऊन गेल्या. दुकान एका खोलीचं. मालक तोच निर्माता, तोच विक्रेता, यात्रेत पाल ठोकून बसणाराही तोच. अशा कंपनीची छापील यादी सहसा नसते. हिशोबाच्या वह्या रद्दीत जातात आणि मास्टर टेपवर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपवर, दुसरंच काहीतरी भरलेलं असतं. हातात उरते ती फक्त विकली गेलेली वस्तू. त्या वस्तूवर गायकाचं नाव असतं, देवाचं चित्र असतं, पण साल बहुतेक वेळा नसतं. म्हणून या कामात गाणी मिळवण्यापेक्षा तारखा ठरवणं अवघड जातं, आणि खाली सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

वस्तू कुठे मिळते

एका कॅसेटवरून कंपनीचा इतिहास लिहिता येत नाही. निदान पाच-सहा नग हवेत, तेही वेगवेगळ्या काळातले. जुन्या बाजारात आणि भंगारवाल्याकडे माल मिळतो, पण तिथे कव्हर एकाचं आणि आतली कॅसेट दुसऱ्याची असा प्रकार फार. देवळाबाहेरच्या जुन्या दुकानांत न विकलेला माल माळ्यावर पडून असतो. तो कोरा असल्यामुळे कागद चांगल्या स्थितीत मिळतो. सगळ्यात मोठा साठा मात्र मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांकडे असतो. लग्न, बारसं, उरूस, गणपती अशा प्रत्येक कामाला त्यांना गाणी लागत, आणि जुन्या पेढीकडे लाखेच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्यांपासून सगळं सापडू शकतं. त्या तबकड्या वाजवून वाजवून झिजलेल्या असतात, पण माग काढायला आवाजापेक्षा लेबल महत्त्वाचं. पेठांमधल्या तालमींच्या कपाटांतही विचारून पाहा.

विकत घेताना आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन कान बघा. कान तोडलेले असतील तर कंपनीचा मूळ आवाज शाबूत असण्याची शक्यता जास्त. कान शाबूत असतील किंवा तिथे चिकटपट्टी लावलेली असेल, तर कुणीतरी घरी वरून भरलं असेल असं धरून चाला. कॅसेटच्या अंगावरचं नाव आणि क्रमांक कव्हरवरच्या नाव-क्रमांकाशी जुळतो का तेही बघा. जुळत नसेल तर दोन्हींची स्वतंत्र नोंद करा, एकत्र करू नका.

घरी आणल्यावर वाजवायच्या आधी छबी घ्या. कव्हर पूर्ण उलगडून दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करा. आतल्या घडीवर, जिथे नजर जात नाही तिथेच छापखान्याचं नाव असतं. कॅसेटच्या दोन्ही बाजू आणि कणा यांचे वेगळे फोटो काढा. रेकॉर्डच्या बाबतीत लेबलाबरोबरच लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीचा फोटो हवाच, कारण तिथे साच्याचा, म्हणजे ज्यातून तबकडी दाबली त्या साच्याचा, क्रमांक कोरलेला किंवा ठोकलेला असतो. फ्लॅश लावला तर तो दिसत नाही. खिडकीजवळ तबकडी तिरकी धरून बाजूने प्रकाश पाडला की अक्षरं उठून दिसतात. फोटो काढला तरी तो क्रमांक हाताने वहीतही उतरवा. पुढे फोटोत ३ की ८ असा घोळ होतोच.

तारीख कशी काढायची

पहिला नियम असा की छापलेला पत्ता, किंमत आणि फोन नंबर यांवरून "याच्या आधीचं नाही" एवढंच खात्रीने म्हणता येतं. "याच्या नंतरचं नाही" असं म्हणता येत नाही, कारण पाच हजार कव्हरं एकदम छापून घेणारा मालक ती संपेपर्यंत वापरतो, मग मधे दुकान बदललं तरी. हा फरक न पाळल्यामुळे बऱ्याच याद्या बिघडतात.

पत्त्यातला पिनकोड सगळ्यात सोपा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. सहा आकडी पिन असेल तर छपाई त्यानंतरचीच. मुंबईच्या पत्त्यात त्याआधी विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक असे. "मुंबई ४" असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा १९७२ पूर्वीचं, पण जुनी सवय लगेच सुटत नाही, तेव्हा याला पुरावा न म्हणता खूण म्हणा. आपल्याकडे एक गफलत हमखास होते: ४१६ दिसलं की कंपनी कोल्हापूरची असं समजतात. सांगली ४१६४१६, इचलकरंजी ४१६११५ आणि कुडाळ ४१६५२० हेही ४१६ मध्येच येतात. सहाही आकडे वाचा.

फोन नंबरही बोलतो. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१, इचलकरंजीचा ०२३०, सांगलीचा ०२३३. २००२ च्या आसपास लँडलाईन नंबरांच्या आधी २ लागला आणि कोल्हापूरचे सहा आकडी नंबर सात आकडी झाले. म्हणजे कोडनंतर सहा आकडे असतील तर कव्हराचा मजकूर त्याआधी जुळवलेला, आणि २ ने सुरू होणारे सात आकडे असतील तर त्यानंतरचा. मोबाईल नंबर असेल तर १९९५ च्या आधीची बातच नको, कारण देशात मोबाईल सेवाच त्या वर्षी सुरू झाली. जुन्या नंबरावर कागदाची चिठ्ठी चिकटवून नवा नंबर लिहिलेलं कव्हर मिळालं तर ते सोन्यासारखं जपा. एकाच नगावर दोन काळ सापडतात.

जुन्या रेकॉर्डवर आणि त्यांच्या पाकिटावर किंमत छापलेली असेल तर ती कशात आहे ते बघा. रुपये-आणे असतील तर मजकूर १ एप्रिल १९५७ पूर्वीचा किंवा बदलाच्या धामधुमीतला. "नये पैसे" असतील तर १ एप्रिल १९५७ ते १ जून १९६४ या काळातला, कारण त्या दिवसापासून "नये" हा शब्द अधिकृतपणे गळाला. कॅसेटवर "स्थानिक कर वेगळे" असं लिहिलंय की "सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत", हेही टिपून ठेवा. करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती १९९० च्या नियमबदलातून आली.

राज्याचं नाव, शहराचं नाव यांवरूनही धागा लागतो. "मुंबई राज्य" असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. "कोल्हापूर संस्थान" किंवा "करवीर" संस्थानाच्या अर्थाने असेल तर १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणाच्या आधीचं असायची शक्यता मोठी. इंग्रजी मजकुरात बॉम्बेच्या जागी मुंबई आलं ते १९९५ च्या नामांतरानंतर. पण मराठी मजकुरावरून यातलं काही कळत नाही, कारण मराठीत मुंबई ही आधीपासून मुंबईच. ही साधी गोष्ट नजरेतून सुटते आणि कॅसेट दहा वर्षं पुढे ढकलली जाते.

कॅसेटसाठी सगळ्यात उपयोगी खूण कायद्याने दिली आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९८४ साली कलम ५२-अ घातलं गेलं. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणं त्याने बंधनकारक झालं: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क ज्याचे त्याचं नाव-पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. चोरट्या कॅसेटींना आळा घालण्यासाठी हे आलं. छापलेलं वर्ष पहिल्या प्रकाशनाचं असतं, तुमच्या हातातल्या प्रतीचं नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. १९८६ छापलेली कॅसेट १९९४ साली भरलेली असू शकते, आणि शेजारी सात आकडी फोन नंबर असेल तर ती प्रत त्याहूनही पुढची. पुष्कळ लहान कंपन्यांनी ही तिन्ही माहिती कधी छापलीच नाही, म्हणून ती नाही यावरून कॅसेट १९८४ च्या आधीची ठरत नाही.

क्रमांक आणि कारखाना

लहान कंपनीचा क्रमांक १ पासून सुरू होत नाही. १०१ किंवा १००१ पासून सुरुवात केली की कंपनी जुनी आणि मोठी वाटते, हा व्यापाऱ्याचा साधा हिशोब. मधले क्रमांक सापडत नाहीत म्हणून तेवढ्या कॅसेटी हरवल्या असं समजू नका. विषयानुसार शंभर-शंभरचे गट पाडलेले असतात, पोवाडे एका गटात, आरत्या दुसऱ्यात, आणि बरेच गट भरतच नाहीत. कधी तोच क्रमांक दोन कॅसेटींना पडतो, कधी खप चांगला असलेल्या कॅसेटीला नवं चित्र घालून नवा क्रमांक देतात. म्हणून यादीत क्रमांक म्हणजे ओळख असं धरू नका. पहिल्या गाण्याची पहिली ओळ हीच खरी ओळख.

रेकॉर्डच्या बाबतीत कंपनी आणि कारखाना वेगळे असतात. तबकड्या दाबणारे कारखाने देशात मोजकेच होते. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला. त्याआधी तिच्या भारतीय ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या जर्मनीत हानोव्हरहून दाबून येत. पुढे कारखाना डमडमला गेला आणि तिथे इतरांच्या लेबलांच्या तबकड्याही दाबल्या गेल्या. मुंबईत वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होती, तिचं लेबल "यंग इंडिया", काळ १९३५ ते १९५५. त्यामुळे अनोळखी लेबलाच्या तबकडीवर कडेने बारीक अक्षरांत कुणी दाबली ते लिहिलेलं असेल तर तो मजकूर आधी वाचा. नसेल तर पट्टीवरचा साच्याचा क्रमांक त्याच काळातल्या माहीत असलेल्या लेबलांच्या क्रमांकांशेजारी मांडून पाहा. आकड्यांची ठेवण आणि ठोकण्याची पद्धत जुळली की कारखाना कळतो. ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्ही लेबलाच्या ईपीवर (चार-पाच गाण्यांची लहान तबकडी) ७ईपीई आणि एलपीवर (मोठी तबकडी) ईसीएलपी अशा अक्षरमाला दिसतात, त्या कंपनीच्या स्वतःच्या मालिकेच्या. खासगी लेबलाच्या तबकडीवर तशीच अक्षरं दिसली तर ते लेबल कितपत स्वतंत्र होतं हा प्रश्न विचारायलाच हवा.

ही पद्धत सगळ्यात पुढे नेली ती अमेरिकेतल्या गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) आणि ऱ्हिदम-अँड-ब्लूज (कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत) यांच्या संग्राहकांनी. तिथेही शेकडो कंपन्या एका खोलीतल्या, चर्चमधल्या गायकांची एखाद-दुसरी तबकडी काढून बंद पडलेल्या. पत्त्यावरून तारीख काढायची युक्तीही तीच: १९४३ पासून "डेट्रॉईट ७" असा विभाग क्रमांक आणि १ जुलै १९६३ पासून झिपकोड, म्हणजे तिथला पिनकोड. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याने पट्टीवर त्रिकोण कोरून पुढे कामाचा क्रमांक टाकला, तो चढत जातो. सिनसिनाटीच्या राइट कंपनीने प्रत्येक गिऱ्हाइकाला खातं क्रमांक दिला. आरसीए या मोठ्या कंपनीच्या क्रमांकातलं पहिलं अक्षर साल सांगतं: १९५९ ला के, १९६० ला एल, १९६१ ला एम, १९६२ ला एन आणि मधलं ओ गाळून १९६३ ला पी. तारखा ठाऊक असलेल्या तबकड्या रांगेत लावून हे तक्ते तयार झाले. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात २००५ नंतर कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेलच्या तबकड्यांचं संगणकीकरण सुरू झालं, आणि त्यात लेबलाची छबीही आवाजाइतकीच जपली जाते. आपल्या कंपनीचा असा तक्ता आपणच करायचा. पाच-सहा तारखा पक्क्या झाल्या की मधल्या क्रमांकांना अंदाजे जागा मिळते.

आपल्याकडे हे काम आधीच केलेल्यांचं साहित्य वाचून मगच सुरुवात करा. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासूनची. तिचं "द रेकॉर्ड न्यूज" हे नियतकालिक शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत वाचता येतं. यंग इंडियाच्या तबकड्या आणि लेबलं ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या अभिलेखांच्या प्रकल्पातून इएपी १९० या क्रमांकाखाली आली आहेत. लहान कंपनीची नोंद कशी ठेवावी याचा तो उत्तम नमुना आहे.

कागद कुठे शोधायचे

कोल्हापूरचा पत्ता म्हणजे वॉर्ड आणि घर क्रमांक: सी वॉर्ड, ई वॉर्ड वगैरे. तेवढ्यावरून जागा सापडते. पत्त्यात सिटी सर्व्हे नंबर असेल किंवा जागेवर जाऊन तो मिळाला, तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढता येतं. त्यात धारकांची नावं फेरफाराच्या तारखांसह येतात. पण दुकान भाड्याचं असायचीच शक्यता जास्त, तेव्हा पत्रकात कंपनीच्या मालकाचं नाव न मिळता घरमालकाचं मिळतं. ते वाया जात नाही. कोणता भाडेकरू कधी आला आणि भाडं थकवून कधी गेला, हे घरमालकाच्या घरात तीन पिढ्या लक्षात राहतं.

कव्हरवर दोन आडनावं असतील, किंवा "आणि कंपनी", "ब्रदर्स" असं असेल तर भागीदारीची नोंद शोधा. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या विवरणात संस्थेचं नाव, मुख्य जागा, प्रत्येक भागीदाराचं नाव, कायमचा पत्ता आणि तो कधी सामील झाला ती तारीख असते. कलम ६६ प्रमाणे शुल्क भरून कुणालाही ही नोंदवही पाहता येते. नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे काही न मिळाल्यास निराश होऊ नका. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर शॉप ॲक्टच्या परवान्यापलीकडे फारसं काही नसतं. तो परवाना बऱ्याचदा घरच्यांकडे फ्रेम करून लावलेला असतो.

ट्रेडमार्कचा शोध जास्त फळतो आणि घरबसल्या होतो. ध्वनिमुद्रित माल वर्ग ९ मध्ये येतो. नुसतं स्पेलिंग घालून थांबू नका, उच्चारावरून शोधायची सोयही वापरा, कारण एकच "श्री" इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. अर्ज रद्द झाला असेल, मुदत संपून काढून टाकला असेल तरी चालेल. त्यात मालकाचं नाव, पत्ता आणि "कधीपासून वापरात" ही तारीख राहते. ती तारीख अर्जदाराने स्वतः सांगितलेली असते, आणि भांडणात वरचढ ठरावं म्हणून ती मागे ढकलायचा मोह असतो. तेव्हा यादीत "दावा" असा शेरा मारा.

वर्तमानपत्रांत जाहिराती असतात, पण सरधोपट पानं उलटत बसलात तर महिना जाईल. लहान कंपनी जाहिरात देते ती सणाच्या तोंडावर: गणपतीच्या, नवरात्राच्या आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आधीचे पंधरा दिवस. हे सण तिथीने येतात. म्हणून वाचनालयात जायच्या आधीच जुन्या पंचांगावरून पाहिजे त्या दहा-पंधरा वर्षांच्या घटस्थापनेच्या, गणेश चतुर्थीच्या आणि चैत्र पौर्णिमेच्या इंग्रजी तारखा वहीत लिहून घ्या. चातुर्मासाच्या तोंडावर अधिक महिना आलेल्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरात सरकतं, आणि सवयीने सप्टेंबरचे अंक मागवले तर हेलपाटा होतो. "पुढारी" १९३९ पासून दैनिक आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयही आहे. कोणत्या वर्षांचे अंक आहेत आणि बांधीव खंडांची पानं उलटण्याजोगी आहेत का, ते आधी विचारून जा. संस्थानी काळातला विषय असेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागाराची वाट धरा.

माणसं

कव्हरवरची बारीक अक्षरं वाचा: संयोजन, ताल, ध्वनिमुद्रण, चित्र, मुद्रक. गायक बहुतेक वेळा गाठता येत नाही किंवा तो फक्त स्वतःच्या कॅसेटबद्दल बोलतो. ढोलकीवाला मात्र चार कंपन्यांसाठी वाजवत असे. त्याला कोण किती देई आणि ध्वनिमुद्रण कुठे झालं हे आठवतं. कव्हर छापणाऱ्या प्रेसमध्ये तर कधी कधी कामाची वहीच सापडते, आणि त्यात नग किती छापले तो आकडा असतो. विक्रीचा आकडा मालक फुगवून सांगेल. छपाईचा आकडा प्रेसवाल्याच्या बिलातला असतो, तो खरा.

नावांचा घोळ मोठा. एकच गायक एका कंपनीत "शाहीर", दुसरीत "बुवा", तिसरीत नुसता गावाच्या नावाने, कारण पहिल्या कंपनीशी "दुसरीकडे गाणार नाही" असा करार झालेला. "आणि पार्टी" या दोन शब्दांत पाच-सहा माणसं लपलेली असतात. यादीत नाव जसं छापलं तसंच घ्या, आणि "कोण असावा" ते वेगळ्या रकान्यात.

मुलाखतीत साल विचारू नका. "बुवा, ही कॅसेट कोणत्या साली काढली?" या प्रश्नाला ठाम आणि चुकीचं उत्तर मिळतं. त्याऐवजी घटना पुढे ठेवा. रेकॉर्डच्या काळासाठी: "कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी की मागनं?" म्हणजे ११ डिसेंबर १९६७. मग १९७२ चा दुष्काळ. कॅसेटसाठी इंदिरा गांधी गेल्या ते साल, म्हणजे १९८४, आणि २००५ चा महापूर. घरातलं लग्न, पहिलं पोरगं शाळेत घातलं ते वर्ष, दारात पहिली मोटरसायकल आली ती दिवाळी, हे त्याहून पक्के खुंटे असतात. पैशाचा विषय शेवटी काढा आणि नेमका काढा: बिदागी एकरकमी होती की नगामागे, कागद झाला होता का, झाला असेल तर कुणाकडे आहे. कागद दाखवला तर तिथेच फोटो घ्या. मूळ कागद उसना घेऊन घरी आणू नका. एकदा तो परत द्यायला उशीर झाला की त्या गल्लीतलं प्रत्येक दार बंद होतं. जाताना त्यांच्या गाण्याची स्वच्छ केलेली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जा. ज्या घरात स्वतःच्या आजोबांचा आवाजच उरलेला नाही, तिथे याच्याइतकी ओळख दुसरी नाही.

यादी

एका नगाला एक ओळ. रकाने असे: कंपनीचं नाव जसं छापलं तसं, क्रमांक, प्रकार, नाव, गायक छापील, गायक कोण असावा, गाण्यांच्या पहिल्या ओळी, पत्ता पूर्ण, फोन, किंमत, छापलेलं वर्ष, याच्या आधीचं नाही, याच्या नंतरचं नाही, मुद्रक, साच्याचा क्रमांक, छबी कुठे आहे, कुणी पाहिलं. शेवटचा रकाना गाळू नका. स्वतः हातात धरलेला नग आणि कुणीतरी सांगितलेला नग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. न पाहिलेल्या गोष्टीची जागा कोरी ठेवा; अंदाजाने भरलेली जागा दोन वर्षांनी माहिती होऊन बसते.

चालीबाबत एक सावधगिरी. "चाल: पारंपरिक" छापलेलं असताना गाणं हिंदी सिनेमाच्या चालीवर निघतं, हे काही नवल नाही. शिवाय कायद्यात कलम ५२(१)(ञ) प्रमाणे, मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाल्यावर सूचना देऊन आणि मोबदला भरून तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून नव्याने काढायची मुभा होती; २०१२ च्या दुरुस्तीने ती बदलली. म्हणून एकाच आरतीच्या चार कंपन्यांच्या चार कॅसेटी दिसल्या तर कुणी कुणाची चोरली हे ठरवायच्या आधी चारही ऐका. आवाज वेगळा असेल तर ती नवी आवृत्ती. आवाज, खोकला आणि टाळ चुकलेली जागासुद्धा तीच असेल तर मात्र नक्कल.

वाजवताना

लाखेच्या ७८ च्या तबकडीला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं, आणि लगेच पुसून उभी वाळवा. सुई ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि आवाजापेक्षा खरखर जास्त येते.

कॅसेटचा शत्रू पावसाळा. टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट वाजवली तर बुरशी मशीनमध्ये जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सिलिका जेलसोबत बंद डब्यात काही दिवस ठेवा, मग तोंडाला मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने झटका. पुरात भिजलेली कॅसेट उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. चिखल टेपवर वाळला की तो सँडपेपरसारखा काम करतो. पाच स्क्रू काढून कवच उघडा, टेपची चाकं डिस्टिल्ड पाण्यात विसळून सावलीत वाळवा आणि नव्या कवचात बसवा. कवच चिकटवलेलं असेल तर कडेने पातळ पात्याने हळूच फोडावं लागतं. आवाज दबका किंवा तुटक येत असेल तर आधी आतलं फेल्टचं बारीक गादीपान बघा. ते गळून पडलेलं असेल तर कोऱ्या कॅसेटमधलं काढून लावता येतं.

वाजवण्याआधी टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. घाईघाईने भरलेल्या कॅसेटींत हेडचा (टेपला टेकणाऱ्या भागाचा) कल बहुतेक चुकलेला असतो, म्हणून डेकवरचा कलाचा स्क्रू अगदी किंचित फिरवत टाळांचा आवाज सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबवा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करा. नोंद २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये घ्या. साठ मिनिटांच्या सी-६० कॅसेटला सुमारे दोन जीबी जागा लागते. आवाज साफ करायचा असेल तर तो प्रतीवर करा.

हक्क

कंपनी बंद पडली म्हणून हक्क संपत नाहीत. ते वारसांकडे किंवा ज्याने माल विकत घेतला त्याच्याकडे जातात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० साली निघालेल्या तबकडीचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला, पण त्यातल्या गाण्याचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. तुकोबांचा अभंग मोकळा, त्याची चाल आणि ध्वनिमुद्रण कदाचित नाही. कव्हरच्या छबी आणि यादी लोकांपुढे ठेवा, गाणं पूर्ण टाकण्याआधी विचारा.

कुणाला विचारायचं हे ठरवताना पुन्हा ५२-अ च्या त्या तीन ओळींकडे या. जुन्या प्रतीवर ध्वनिमुद्रण करणारा आणि हक्कदार ही दोन्ही नावं एक असतात. नंतरच्या प्रतीवर ध्वनिमुद्रण करणारा तोच राहून हक्कदार बदललेला दिसला, की त्या दोन प्रतींच्या मधल्या काळात कंपनीचा माल विकला गेला. दोन्ही प्रतींच्या ओळी यादीत शेजारी लावा, नव्या हक्कदाराचा पत्ता घ्या आणि त्याला पत्र पाठवताना दोन्ही कव्हरांच्या छबी जोडा.